तांब्याची तार काढताय, तर तिच्याबरोबर काय काय जातंय तेही सांगा

प्रति,
घरगुती फोन सेवा देणाऱ्या सर्व कंपन्यांचे व्यवस्थापन
आणि त्यांच्यावर देखरेख ठेवणारे दूरसंचार नियामक

विषय : लँडलाइन बंद करून इंटरनेटवरचा फोन देताना ग्राहकाला न सांगितल्या जाणाऱ्या गोष्टींबाबत

महोदय,

तुमची लँडलाइन आता नव्या डिजिटल सेवेत बदलली जाईल, नंबर तोच राहील, तुम्हाला काहीही करावं लागणार नाही, अशा आशयाचं पत्र तुम्ही ग्राहकांना पाठवता. यातली पहिली गोष्ट खरी. दुसरी बहुतेक वेळा खरी. तिसरी मात्र साफ खोटी आहे आणि हे पत्र तिच्यासाठीच लिहितोय.

नात्यातल्या, ओळखीतल्या वयस्कर मंडळींच्या फोनची, राउटरची भानगड निस्तरायला मला बोलावणं येतं. त्यामुळे तुमचा माणूस डबा बसवून, सही घेऊन गेल्यानंतर त्या घरात काय होतं ते माझ्या नजरेस पडतं. तुमच्या पडत नसावं, असं धरून चालतो. पडत असूनही ते पत्र तसंच जात असेल, तर प्रकरण जास्त गंभीर आहे.

आधीच सांगतो, मी जुन्या फोनच्या आठवणीने गहिवरणाऱ्यांपैकी नाही. तांब्याचं जाळं थकलंय. एक्स्चेंजमधल्या यंत्रांचे सुटे भाग बनवणारं कोणी उरलं नाही, ती यंत्रं जाणणारी माणसं निवृत्त झाली, पाऊस पडला की जमिनीखालच्या जोडांत पाणी शिरून लाइनवर खरखर सुरू होते. शिवाय जुन्या फोनवर ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यातला आवाज जायचा. ‘स’ आणि ‘फ’ फोनवर सारखेच ऐकू यायचे ते त्यामुळे. नव्या फोनवर दोन्ही बाजूंना चांगली साधनं असतील तर ७००० हर्ट्झपर्यंतचा आवाज जातो आणि कमी ऐकू येणाऱ्या माणसाला तो फरक लगेच कळतो. नको असलेले नंबर अडवता येतात, घरचा फोन मोबाइलवर घेता येतो, दूरचे कॉल स्वस्त पडतात. हे सगळं मान्य. बदल करू नका असं माझं म्हणणंच नाही. तांब्याच्या तारेतून आवाजाशिवाय आणखीही काही घरात यायचं. ते तुम्ही गुपचूप काढून घेताय आणि त्याची जबाबदारी ग्राहकाला न विचारता त्याच्या गळ्यात घालताय. तक्रार आहे ती याबद्दल.

पहिली गोष्ट विजेची. जुना, साधा, वायरचा फोन भिंतीतल्या विजेच्या सॉकेटला कधी लावावा लागला नाही. त्याला लागणारी वीज एक्स्चेंजमधून, त्याच दोन तारांवरून यायची : ४८ व्होल्ट. धन टोक जमिनीला जोडून तारेवर ऋण दाब ठेवायची पद्धत होती. तार ओली झाली तरी तांबं गंजून झिजू नये, हा त्यातला हेतू. घंटी वाजवायला त्यावर ७५ ते ९० व्होल्टचा प्रवाह सेकंदाला २०-२५ वेळा उलटसुलट सोडायचा. जोड हातात असताना नेमका कोणाचा तरी फोन आला, तर लाइनमनला त्याचा प्रसाद मिळायचाच. एक्स्चेंजमध्ये बॅटऱ्यांच्या रांगा असायच्या, त्यांच्यामागे डिझेल जनरेटर. अख्ख्या वस्तीत अंधार झाला तरी रिसिव्हर उचलला की डायल टोन यायचा, तो या सगळ्या व्यवस्थेमुळे. लोकांना ती व्यवस्था दिसत नव्हती, म्हणून तिची किंमतही कळली नाही. तुम्हाला मात्र ती नेमकी ठाऊक होती. त्या बॅटऱ्या बदलण्याचा खर्च तुमच्याच वहीत पडत होता.

आता फायबर आला. काचेच्या तंतूतून प्रकाश येतो, वीज येत नाही. घरात एक डबा त्या प्रकाशाचे सिग्नल करतो, दुसरा डबा म्हणजे राउटर, आणि जुनाच फोन वापरायचा असेल तर मध्ये तिसरा डबा, अडॅप्टर. कधी तिन्ही एकाच खोक्यात असतात, पण काही झालं तरी भिंतीतल्या सॉकेटवर चालतात. वीज गेली की त्याच क्षणी फोन गेला.

वीज जायचीही गरज नाही. एका घरातला प्रकार सांगतो. कॅबिनेटच्या मागे तिन्ही डब्यांचे प्लग एकाच एक्स्टेन्शन बोर्डात खुपसलेले, बोर्डाला एकच बटण. घरातली आजी आयुष्यभराच्या शिस्तीने झोपण्यापूर्वी टीव्हीपासून सगळी बटणं बंद करणार. त्यात हेही बटण. म्हणजे रात्री दहा ते सकाळी सहा त्या घराला फोनच नाही. पडझड, छातीत दुखणं, दार वाजवणारा अनोळखी माणूस, ज्या वेळेसाठी म्हणून त्यांनी घरचा फोन ठेवला होता, नेमक्या त्याच वेळी तो मुका. त्यांना हे कोणी सांगितलंच नव्हतं. ‘इंटरनेट रात्री बंद केलं तर बरं, उगाच बिल कशाला’ एवढंच त्यांच्या डोक्यात. फोन आणि इंटरनेट आता एकच झालंय, हे कळण्यासारखं त्यांच्या समोर काय होतं? फोन तोच, टेबल तेच, वाजतोही तसाच.

यावर तुमच्या कॉल सेंटरचं ठरलेलं उत्तर असतं : मोबाइल आहे ना. सगळ्यांकडे नसतो, असलेल्यांच्या घरात सगळीकडे रेंज नसते, आणि मोठ्या वादळात टॉवरच्या बॅटऱ्याही काही तासांत संपतात. कॉर्डलेस फोनचा तळ पूर्वीही विजेवरच चालायचा, हा तुमचा दुसरा मुद्दा मात्र बरोबर आहे. पण म्हणूनच तर जाणती माणसं कॉर्डलेसच्या जोडीला एक साधा वायरचा फोन कोपऱ्यात ठेवून द्यायची. तो उपाय तुम्ही आता काढून घेतलात.

हे सगळं आधीच कुठे कुठे घडून गेलंय, त्यामुळे ‘आम्हाला कल्पना नव्हती’ म्हणायची सोय उरलेली नाही. ब्रिटनमध्ये नोव्हेंबर २०२१मध्ये आर्वेन वादळ आलं. दहा लाखांहून अधिक ग्राहकांची वीज गेली, काही हजार घरं आठवड्याहून अधिक काळ अंधारात होती. मार्च २०२२मध्ये बीटी या तिथल्या सर्वांत मोठ्या कंपनीने लोकांना डिजिटल फोनवर सरसकट हलवण्याची मोहीम थांबवली. पुढे मोहीम पुन्हा सुरू झाली. मग संकटाच्या वेळी दाबायचं वैद्यकीय बटण वापरणाऱ्यांच्या बाबतीत गंभीर घटना घडल्या : नव्या लाइनवर ते बटण दाबलं आणि चाललंच नाही. डिसेंबर २०२३मध्ये तिथल्या कंपन्यांना सरकारसमोर लिहून द्यावं लागलं की, असं उपकरण वापरणाऱ्याचं उपकरण नव्या लाइनवर चालतंय याची खात्री झाल्याशिवाय त्याला सक्तीने हलवणार नाही. जुनं जाळं डिसेंबर २०२५मध्ये बंद व्हायचं होतं, ती तारीख ३१ जानेवारी २०२७पर्यंत पुढे गेली.

बॅकअपच्या बाबतीत तिथल्या नियामकाने, ऑफकॉमने, २०१८मध्ये किमान अपेक्षा ठेवली ती एका तासाची. लँडलाइनवरच अवलंबून असलेल्या ग्राहकाला वीज गेल्यावर निदान एक तास आपत्कालीन फोन लावता यावा, आणि ती सोय फुकट असावी. फुकट हे उत्तम. एक तास हा मात्र मला कळलेला नाही. दुरुस्तीचा ट्रक निघायलाच तेवढा वेळ लागतो. अमेरिकेत तिथल्या नियामकाने, एफसीसीने, २०१५मध्ये वेगळा रस्ता घेतला : कंपनीने आठ तासांच्या बॅकअपचा पर्याय देऊ करावा आणि २०१९पासून चोवीस तासांचाही. खर्च ग्राहकाचा. पण वीज गेली तर काय होईल हे सांगायचं कंपनीने, कनेक्शन देताना एकदा आणि नंतर दरवर्षी. त्या नियमाची मुदत सप्टेंबर २०२५मध्ये संपली. या दोन नियमांची सांगड घालून एक नियम केला तर कोणाचंच काही बिघडणार नाही. तास अमेरिकेचे, फुकट ब्रिटनचं.

अवघडही नाही ते. फायबरचा डबा, राउटर आणि अडॅप्टर मिळून १५ वॉट खातात असं धरा. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांच्या साध्या बॅटरीत ८४ वॉट-तास असतात. गळती वजा जाता चार तास आरामात निघतात, मोठी बॅटरी लावली तर त्याच्या पटीत जास्त. मात्र ही बॅटरी तीन ते पाच वर्षांत म्हातारी होते आणि बहुतेक घरांत ती मेल्याचं वीज गेल्यावरच कळतं. म्हणून बॅटरी देऊन मोकळं होऊ नका. ती बदलायची तारीख तुमच्या यंत्रणेत नोंदवा.

एक प्रश्न ग्राहकाने विचारायला हवा आणि तुमच्या माणसाला त्याचं उत्तर द्यायला यायला हवं : माझ्या घरापासून तुमच्या केंद्रापर्यंत मध्ये कुठे वीज लागते का? थेट घरापर्यंत फायबर असेल आणि वाटेत फक्त प्रकाश विभागणारे काचेचे जोड असतील, तर तिथे वीज लागत नाही. मग घरातली बॅटरी खरोखर कामाची. पण फायबर रस्त्यावरच्या पेटीपर्यंतच असेल आणि पुढे तांबं किंवा केबल टीव्हीची वायर असेल, तर त्या पेटीला वीज लागते. घरात कितीही मोठा यूपीएस ठेवला तरी पेटीची बॅटरी संपली की खेळ खलास. हा प्रश्न मी विचारून पाहिलाय. समोरच्याने उत्तरादाखल मला जास्त स्पीडचा प्लॅन सुचवला.

दुसरी गोष्ट पत्त्याची. तांब्याची तार एका ठरावीक भिंतीत शिरते, त्यामुळे नंबर म्हणजेच पत्ता. आपत्कालीन नंबर लावून माणसाला बोलता आलं नाही, नुसता रिसिव्हर खाली पडला, तरी कुठे जायचं ते पलीकडच्याला कळायचं. इंटरनेटवरच्या फोनचा नंबर अडॅप्टरबरोबर फिरतो. तो डबा बॅगेत घालून दुसऱ्या गावी नेला, तिथल्या इंटरनेटला लावला, तरी तोच नंबर वाजतो. ही मोठीच सोय आहे. मुलाकडे राहायला गेलेल्या आईला तिचा जुना नंबर सोबत नेता येतो. पण तिथून तिने रुग्णवाहिकेसाठी फोन केला, तर पलीकडच्या पडद्यावर तिचा जुना पत्ता दिसू शकतो आणि गाडी कुलूपबंद घरासमोर जाऊन उभी राहते.

एफसीसीने २००५मध्येच अशा कंपन्यांना सांगितलं होतं की ग्राहकाचा पत्ता नोंदवून घ्या, बदलला तर बदलायची सोय द्या, सेवेच्या मर्यादा ग्राहकाला समजल्या आहेत असं त्याच्याकडून लिहून घ्या. आणि उपकरणावर किंवा शेजारी लावायला इशाऱ्याचे स्टिकर द्या. हा स्टिकर मला फार आवडला. करारनाम्याच्या सतराव्या पानावरची ओळ कोणी वाचत नाही, डब्यावरचा स्टिकर घरातली कामवालीसुद्धा वाचते. एवढ्या वर्षांनी, छापायला अगदी क्षुल्लक खर्च येत असताना, तुमच्या चकचकीत पांढऱ्या राउटरवर तुमचा लोगो सोडून काहीच का नसतं?

आता त्या लाइनवर फोनशिवाय काय काय लटकलेलं असतं ते पाहू. माझ्या मते सगळ्यांत मोठा घोळ इथे आहे, कारण याची यादी कोणाकडेच नसते. तुमच्याकडे नाही आणि खुद्द घरमालकाकडेही नाही. गळ्यातलं वैद्यकीय बटण, चोरीचा अलार्म, लिफ्टमधला फोन, गेटवरचा इंटरकॉम, दवाखान्यातला फॅक्स. सोसायटीची लिफ्ट बसवली तेव्हाची समिती केव्हाच बदललेली असते, लिफ्टच्या फोनसाठी एक वेगळी लाइन आहे हे फक्त बिल भरणाऱ्या खजिनदाराला माहीत असतं. आणि तो ‘ही कुठली फालतू लाइन’ म्हणून ती बंद करायच्या बेतात असतो.

ही उपकरणं माणसासारखी बोलत नाहीत, सुरांत बोलतात. ठरावीक वेळेचे, ठरावीक उंचीचे सूर पाठवून समोरच्या यंत्राकडून सुरातच पोच घेतात. इंटरनेटवर आवाजाचे सेकंदाला साधारण ५० तुकडे होऊन पाकिटांतून जातात. एखादं पाकीट हरवलं तर माणसाचा कान ते भरून काढतो, या उपकरणांना ते जमत नाही. त्यात कंपनीने जागा वाचवण्यासाठी आवाज ६४ किलोबिटवरून ८ किलोबिटवर दाबला, तर माणसाचं बोलणं समजतं, पण सुरांचा चुरा होतो. फॅक्ससाठी टी.३८ नावाची वेगळी पद्धत आहे, पण वाटेतल्या प्रत्येक टप्प्याने ती पाळली तरच तिचा उपयोग. गोल चकतीचा जुना फोन असेल तर तो लाइन तोडून-जोडून आकडे पाठवतो, आणि कित्येक अडॅप्टरना ती भाषा समजतच नाही. फोन येईल, बोलता येईल, लावता मात्र येणार नाही.

घरभर वायर फिरवून स्वयंपाकघरात, वरच्या मजल्यावर जोडफोन घेतलेले असतील तर आणखी एक गंमत. अडॅप्टरचं टोक भिंतीतल्या जुन्या सॉकेटला लावलं की सगळे जोडफोन जिवंत होतात, हे खरं. पण त्याआधी बाहेरून येणारी तांब्याची जोडी सोडवावी लागते, नाहीतर एक्स्चेंजचे ४८ व्होल्ट उलटे अडॅप्टरमध्ये शिरतात आणि तो जळू शकतो. हे काम पाच मिनिटांचं आहे. तुमचा माणूस ते करत नाही, कारण त्याला दिलेल्या कागदावर ‘एक फोन चालू करून दाखवणे’ एवढंच लिहिलेलं असतं. त्याला दोष देत नाही. दिवसाला किती घरं करायची ते तो ठरवत नाही.

आवाजाबद्दल थोडक्यात. आवाज तुटतो, उशिरा पोचतो अशी तक्रार केली की ‘स्पीड वाढवा’ हे ठरलेलं उत्तर मिळतं. एका कॉलला वरची सगळी वेष्टणं धरून प्रत्येक दिशेला सेकंदाला शंभर किलोबिटसुद्धा लागत नाहीत. ग्राहकाकडे त्याच्या शेकडो पट असतं. अडचण वेगाची नसून रांगेची आहे : घरात कोणी मोठा व्हिडिओ वर चढवत असतं आणि त्याच्या मागे आवाजाची छोटी पाकिटं ताटकळतात. एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असावा हे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने फार पूर्वीच सांगून ठेवलंय. त्याच्यावर गेलं की दोन माणसं एकमेकांच्या बोलण्यात तोंड घालायला लागतात आणि प्रत्येकाला वाटतं की समोरचा उर्मट झालाय. राउटरमध्ये फोनच्या पाकिटांना आधी सोडायची सोय असते. ती चालू करून द्यायची, एवढंच. ज्यादा स्पीडचा प्लॅन विकण्याआधी ते बटण दाबा.

याहून वाईट एक बिघाड आहे, जो कोणाच्या लक्षातच येत नाही. जुनी लाइन मेली की रिसिव्हर कानाला लावल्याबरोबर कळायचं. आता डायल टोन एक्स्चेंजमधून येत नाही, तो घरातला अडॅप्टरच बनवतो. अडॅप्टरने दर थोड्या वेळाने कंपनीच्या सर्व्हरला ‘मी इथे आहे’ असं कळवायचं असतं. राउटरने मध्येच ती वाट मिटवली, किंवा मदत करायच्या नादात पाकिटांत ढवळाढवळ केली (एसआयपी एएलजी नावाची एक सोय राउटरमध्ये बरेचदा आधीपासून चालू असते, तिने केलेलं नुकसान मी अनेक घरांत पाहिलंय), तर बाहेर फोन लावता येतो पण आत येत नाही. टोन आहे, फोन लागतो, म्हणजे सगळं ठीक. बाहेरचे लोक म्हणतात, तुम्ही उचलत नाही. घरातली माणसं म्हणतात, हल्ली कोणी फोनच करत नाही. वयस्कर, एकट्या माणसाच्या बाबतीत हे दोन-दोन आठवडे चालतं, कारण कोणी फोन केला नाही ही गोष्ट त्यांना अशक्य वाटत नाही. कोणत्या ग्राहकाचा अडॅप्टर काही तास गप्प आहे, हे तुमच्या सर्व्हरवर स्पष्ट दिसतं. त्याच्या मोबाइलवर किंवा त्याने दिलेल्या दुसऱ्या नंबरवर एक मेसेज पाठवायला कोणतं तंत्रज्ञान कमी पडतंय?

नंबर सोबत न्यायचा प्रकारही असाच. तुमच्यातल्याच एका कंपनीच्या काउंटरवर मला सांगण्यात आलं, आधी जुनी लाइन बंद करून या, मग नंबर नवीकडे घेऊ. हे ऐकून जो खरोखर लाइन बंद करेल त्याचा नंबर गेला, कारण पोर्ट करायचा तर नंबर चालू असावा लागतो. एकदा सोडलेला नंबर परत मिळेलच याची खात्री नाही. यातही एक चक्रव्यूह आहे. इंटरनेट त्याच तांब्याच्या लाइनवरून येत असेल, तर नंबर निघाल्याबरोबर लाइन ‘बंद’ म्हणून नोंदली जाऊ शकते आणि तिच्याबरोबर इंटरनेटही. मग ज्या इंटरनेटवर नवा फोन चालायचा तेच नाही. ग्राहक दोन्हीकडून गेला. काउंटरवरच्या मुलीला हे माहीत नसणं समजू शकतो. तुमच्या संगणकाने अशा अर्जावर लाल खूण दाखवू नये, हे समजू शकत नाही.

पासवर्डबद्दल एकच वाक्य लिहितो, कारण हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे : डब्यावर छापलेला पासवर्ड तसाच ठेवला की रात्रीतून परदेशातल्या महागड्या नंबरांवर कॉल होतात आणि बिल ग्राहकाच्या नावावर फाटतं. खर्चाची मर्यादा आणि परदेशी कॉल सुरुवातीला बंदच ठेवणं, ही दोन कुलपं तुमच्या हातात आहेत.

आणि बिघाड झाला की जबाबदार कोण? पूर्वी एकच तार, एकच कंपनी, एकच तक्रार क्रमांक. आता इंटरनेट एकाचं, फोन सेवा दुसऱ्याची, राउटर बाजारातून आणलेला. फोनवाले म्हणतात इंटरनेटवाल्यांना विचारा, ते म्हणतात राउटर आमचा नाही. ग्राहकाने या तिघांची बैठक घडवून आणावी अशी अपेक्षा दिसते, आणि तीही फोन बंद असताना. नियामकांना माझी विनंती आहे की ज्याच्या नावाने फोनचं बिल येतं, त्यालाच पहिल्या तक्रारीचा धनी करा. त्याने पुढे कोणाशी भांडायचं ते त्याचं तो पाहील.

कंपन्यांकडे मागणं फार नाही. ‘काहीही करावं लागणार नाही’ हे वाक्य त्या पत्रातून काढा. त्याच्या जागी मोठ्या अक्षरांत लिहा : वीज गेली की हा फोन बंद पडेल, आणि हे बटण रात्रीही चालू ठेवायचं आहे. लाइन बदलण्याआधी फोनवरून किंवा घरी येऊन विचारा की या लाइनला आणखी काय काय जोडलंय. उत्तर ‘माहीत नाही’ आलं, तर आपल्या माणसाने घरभर फिरून बघावं. अलार्म किंवा वैद्यकीय बटण असेल तर नव्या लाइनवर ते प्रत्यक्ष दाबून, पलीकडून उत्तर आल्यावरच सही घ्या. पत्ता तोंडी विचारून खात्री करा आणि तो बदलायचा कसा हे कागदावर देऊन जा. ज्याच्याकडे दुसरा चालता फोन नाही त्याला बॅटरी फुकट द्या, आणि ती एका तासाची देऊन उपकार केल्यासारखं दाखवू नका. हे सगळं होईपर्यंत जुनी लाइन निदान महिनाभर समांतर चालू राहू दे.

नियामकांनी एवढंच करावं की या गोष्टी कंपनीच्या मर्जीवर न सोडता परवान्याच्या अटींत घालाव्यात आणि सक्तीने हलवलेल्या प्रत्येक ग्राहकामागे ती सही तपासायची पद्धत ठेवावी. बंद पडलेले फोन मोजायची व्यवस्था तुमच्याकडे आहे. घरात वाजतच नसलेले फोन मोजायची व्यवस्थाही याच वर्षी सुरू करा.

या पत्राला खासगीत उत्तर नको. तुमच्यापैकी ज्या कंपनीला यातलं काही चुकीचं वाटत असेल तिने ते जाहीरपणे खोडावं. ज्यांना बरोबर वाटत असेल त्यांनी ग्राहकांना पाठवायच्या पत्राचा नवा मसुदा प्रसिद्ध करावा, म्हणजे पुढच्या घरी जाताना तो मला सोबत नेता येईल.

कळावे,

तुमच्या ग्राहकांच्या घरी हक्काने बोलावला जाणारा,
बिनपगारी दुरुस्तीवाला